घरी बनवलेल्या ट्रान्सीव्हरमध्ये तार चुकीची जोडली गेली, आता काय? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हैदराबादचे अशर फरहान (कॉल साइन व्हीयू२ईएसई) यांच्या बीटेक्स आराखड्यावरचे सेट आपल्याकडे अनेक हॅमनी (हौशी रेडिओ चालवणाऱ्यांनी) जोडले आहेत. म्हणून इथली उत्तरं मुख्यतः बीटेक्स४० समोर ठेवून दिली आहेत. हा ७ मेगाहर्ट्झचा, म्हणजे ४० मीटर बँडचा सिंगल साइडबँड सेट आहे. शेवटी पॉवर ॲम्प्लिफायरला (पीए) आयआरएफ५१० हा एकच मॉसफेट, आवाजासाठी एलएम३८६ ही आयसी आणि व्हीएफओसाठी (फ्रीक्वेन्सी बदलता येणारा ऑसिलेटर) रॅड्युइनो, म्हणजे अर्ड्युइनो नॅनो आणि फ्रीक्वेन्सी तयार करणारी एसआय५३५१ चिप ही जोडी. तुमचा सेट दुसरा असला तरी शोधण्याची रीत बदलत नाही.

चूक आत्ताच लक्षात आली. सगळ्यात आधी काय करू?

सप्लाय काढा, पण चुकीची तार लगेच सरळ करू नका. आधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो घ्या. मग कागदावर तीन गोष्टी लिहा: कोणती तार कुठे लागली होती, सप्लाय कोणता होता (बॅटरी, एसएमपीएस की करंट लिमिट असलेला बेंच सप्लाय) आणि साधारण किती वेळ चालू होता. नुकसान कुठे झालं हे बहुतेक वेळा या तीन ओळींवरूनच ठरतं. करंट एका ठरावीक वाटेने गेला आहे आणि जे जळलं आहे ते त्या वाटेवरच आहे. तार घाईने सरळ केली की ती वाट पुसली जाते, मग अख्खा बोर्ड संशयित होतो.

त्यानंतर वास घ्या, भिंगातून बोर्ड पाहा. फुगलेला इलेक्ट्रोलायटिक, तडा गेलेली आयसी, काळा पडलेला रेझिस्टर, उचललेला ट्रॅक. “बघू तरी चालतोय का” म्हणून परत सप्लाय देऊ नका. पहिल्या वेळी वाचलेले पार्ट अनेकदा या दुसऱ्या वेळी जातात.

प्लस-मायनस उलटे लागले. नक्की काय गेलं असेल?

मुख्य बोर्डाला उलटा सप्लाय गेला असेल तर पहिला संशय एलएम३८६वर. आयसीच्या आतले जंक्शन उलट्या दिशेने वाहू लागतात, करंट अडवायला मध्ये काहीच नसतं, आणि ती काही क्षणांत तापते. दुसरे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. वरून ठीक दिसले तरी त्यांची गळती वाढलेली असू शकते, म्हणून सप्लाय लाइनवरचे एक-दोन मोठे कपॅसिटर बदलून टाकणं शहाणपणाचं. त्यांची किंमत काही रुपये असते. तिसरा ५ व्होल्टचा रेग्युलेटर.

लहान ट्रान्झिस्टर मात्र सहसा वाचतात. २एन३९०४च्या प्रत्येक स्टेजमध्ये कलेक्टरला, एमिटरला किंवा बेसच्या वाटेत कुठे ना कुठे रेझिस्टर आहे, तो करंट मर्यादेत ठेवतो. बरेच जण घाबरून पंधरा-वीस ट्रान्झिस्टर उपटतात. त्यात ट्रान्झिस्टर चांगले निघतात आणि पॅड मात्र निघून येतात.

पीएची गोष्ट वेगळी आहे. बीटेक्स४०मध्ये पीएच्या सप्लायचा कनेक्टर स्वतंत्र आहे, त्यामुळे तो उलटा लागला होता की मुख्य सप्लाय, हे आधी ठरवा. आयआरएफ५१०च्या आत सोर्सपासून ड्रेनकडे एक डायोड अंगभूत असतो. सप्लाय उलटा झाला की करंट ग्राउंडमधून सोर्सला, तिथून या डायोडमधून ड्रेनला आणि पुढे चोकमधून (तारेच्या वेटोळ्यातून) परत जातो. वाटेत रेझिस्टर नाही. फ्यूज असेल तर उडतो. नसेल तर जे सगळ्यात बारीक ते जळतं, आणि ते बहुधा चोकची तार किंवा पीसीबीचा ट्रॅक असतो. मॉसफेट स्वतः अनेकदा शाबूत सापडतो.

मी १२ व्होल्टची तार नॅनोच्या ५ व्होल्ट पिनला लावली. नॅनो गेला का?

बहुधा हो. नॅनोवर व्हीआयएन आणि ५ व्होल्ट या पिनांच्या मध्ये ग्राउंड आणि रीसेट अशा दोनच पिना आहेत, त्यामुळे ही चूक सहज होते. एटीमेगा३२८पी या चिपची कमाल मर्यादा ६ व्होल्ट आहे. मात्र नॅनोपाशी थांबू नका. त्याच ५ व्होल्ट लाइनवर आणखी काय काय आहे ते सर्किटवर बोट ठेवून पाहा: डिस्प्ले, एसआय५३५१चा ३.३ व्होल्ट रेग्युलेटर, ट्यूनिंगचा पॉट. एसआय५३५१ला ३.६ व्होल्टच्या वर चालवायचंच नसतं, त्यामुळे त्याचा रेग्युलेटर आरपार झाला असेल तर तीही गेली.

तपासायची पद्धत: नॅनो सॉकेटमधून काढा आणि एकटाच यूएसबीने जोडा. कॉम्प्युटरने ओळखला, “ब्लिंक” प्रोग्रॅम चढला आणि एलईडी लुकलुकला तर नशीब चांगलं. जोडल्या जोडल्या चिप बोटाला गरम लागली तर लगेच काढा. रिगचा १२ व्होल्ट आणि कॉम्प्युटरची यूएसबी, दोन्ही एकाच वेळी अशा संशयित नॅनोला लावू नका. नवा नॅनो बसवायच्या आधी रिकाम्या सॉकेटवर ५ व्होल्टच येतात याची मीटरने खात्री करा, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.

डिस्प्लेचा दिवा लागतो, पण अक्षरं येत नाहीत.

वरच्या ओळीत नुसते भरलेले चौकोन दिसत असतील तर डिस्प्लेला वीज मिळते आहे, पण नॅनोकडून सुरुवातीच्या आज्ञा पोहोचलेल्या नाहीत. म्हणजे नॅनो बंद आहे, प्रोग्रॅम अडकला आहे किंवा मधली एखादी पिन नीट बसलेली नाही. चौकोनही दिसत नसतील तर आधी कॉन्ट्रास्टचा प्रीसेट फिरवून बघा. अक्षरं येऊन प्रोग्रॅम मध्येच थिजत असेल तर एसआय५३५१ची दोन तारांची आयटूसी लाइन तपासा. नॅनोवर त्या ए४ आणि ए५ पिनांवर आहेत.

पुन्हा सप्लाय द्यायची सुरक्षित पद्धत कोणती?

करंट लिमिट असलेला बेंच सप्लाय असेल तर ३०० मिलिअँपिअरवर ठेवा. नसेल तर मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॉटचा बल्ब प्लसच्या तारेत सिरीजमध्ये लावा. गॅरेजवाल्याकडे तो हमखास मिळतो. सेटमध्ये पूर्ण शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत लागतो आणि करंट साधारण पाऊण अँपिअरवर अडतो, ट्रॅक जळत नाही. सेट ठीक असेल तर बल्ब क्षणभर लुकलुकून विझतो किंवा जेमतेम लालसर राहतो.

पहिल्यांदा सप्लाय देताना रॅड्युइनो काढलेला, पीएचा कनेक्टर काढलेला, मायक्रोफोन काढलेला ठेवा. नुसता मुख्य बोर्ड. मग एकेक जोडत जा आणि प्रत्येक वेळी करंट लिहून ठेवा. सगळं जोडल्यावर रिसीव्हमध्ये करंट १५०-२५० मिलिअँपिअरच्या आसपास दिसावा, त्यातला बराचसा डिस्प्लेचा दिवा आणि नॅनोच खातात.

सप्लायच्या टर्मिनलवर मीटर सरळ बीप देतो. कुठून सुरू करू?

संरक्षक डायोडपासून. प्लस आणि ग्राउंडच्या मध्ये उलटा लावलेला १एन५४०८सारखा डायोड असेल तर त्याचं कामच फ्यूज उडवण्याचं आहे. फ्यूज मोठा असेल किंवा नसेलच, तर डायोड स्वतः शॉर्ट होतो आणि अख्खा सेट शॉर्ट झाल्यासारखा दिसतो. त्याचा एक पाय उचला.

एका मित्राचा सेट असाच आला होता. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी उलटी लागलेली, मध्ये फ्यूज नाही. मीटरवर एक ओहमही नव्हता. डायोडचा एक पाय उचलल्यावर शॉर्ट गेला, बल्ब लावून सप्लाय दिला तर रिसीव्हर पहिल्यासारखा बोलू लागला, पण पीएच्या ड्रेनवर शून्य व्होल्ट. वरून सगळं स्वच्छ दिसत होतं. पीएचा कनेक्टर गरम करून उचलला, तर त्याच्या प्लॅस्टिकखाली ट्रॅक दोन मिलिमीटर गायब होता. उलट्या करंटने फ्यूजचं काम तिथे केलं होतं. जाड तारेचा तुकडा जोडला, नवा डायोड आणि २ अँपिअरचा फ्यूज लावला. आयआरएफ५१० जुनाच राहिला.

डायोड उचलूनही शॉर्ट राहिला तर पुढचा संशय पीएवर. आयआरएफ५१०ची धातूची पाठ ड्रेनला जोडलेली असते. मायकाचा तुकडा सरकला किंवा स्क्रूची प्लॅस्टिक बुशी राहून गेली, की हीटसिंकमधून पीएचा प्लस थेट चॅसिसला लागतो. ही चूक सेट दुरुस्त करून परत बसवताना होते.

रिसीव्हर उत्तम चालतो, पण ट्रान्समिट होत नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बीटेक्सच्या रचनेमुळे त्याचं अर्धं उत्तर रिसीव्हरच देतो. यात क्रिस्टल फिल्टर, मिक्सर, बँडपास फिल्टर आणि डायोडचा मॉड्युलेटर हे सगळं रिसीव्ह आणि ट्रान्समिट दोन्हीकडे तेच वापरलं जातं. मधले ॲम्प्लिफायर दुहेरी आहेत: एक ट्रान्झिस्टर रिसीव्हच्या दिशेने, दुसरा ट्रान्समिटच्या, आणि रिले बदलला की वीज एकाकडून काढून दुसऱ्याला मिळते. स्टेशनं स्पष्ट ऐकू येत असतील तर फिल्टर, मिक्सर, व्हीएफओ, बीएफओ (आवाज वेगळा काढणारा स्थिर ऑसिलेटर) हे सगळे निर्दोष. त्यांना हात लावू नका.

उरतं काय? ट्रान्समिटची १२ व्होल्ट लाइन, मायक्रोफोनचा ॲम्प्लिफायर, दुहेरी जोड्यांमधले ट्रान्समिटकडचे ट्रान्झिस्टर, प्रीड्रायव्हर, ड्रायव्हर आणि पीए.

डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा ५० ओहमचा रेझिस्टर) लावा, पीटीटी (बोलताना दाबायचं माइकचं बटण) दाबा आणि मीटर घेऊन याच क्रमाने जा. आधी ट्रान्समिट लाइनवर १२ व्होल्ट येतात का, आणि त्याच वेळी रिसीव्ह लाइन शून्यावर जाते का? रिलेचा टक्क आवाज आला म्हणजे कॉन्टॅक्ट लागला असं धरू नका. मग ट्रान्समिटकडच्या प्रत्येक ट्रान्झिस्टरचा बेस एमिटरपेक्षा ०.६ ते ०.७ व्होल्ट वर आहे का ते पाहा. बेसवर व्होल्ट आहेत आणि एमिटर शून्यावर, तर बहुतेक ट्रान्झिस्टर आत तुटला आहे. बेस, एमिटर आणि कलेक्टर तिन्हीकडे जवळपास तेच व्होल्ट दिसले तर शॉर्ट आहे.

मायक्रोफोनही विसरू नका. इलेक्ट्रेट कॅप्सूलचा जो पाय पत्र्याच्या डबीला जोडलेला दिसतो तो ग्राउंड. उलटा लावला तर आवाज जवळजवळ जात नाही, पण सहसा कॅप्सूल मरत नाही, सरळ केली की चालते.

आणि पीएच्या कनेक्टरला वीज दिली आहे ना, तेही पाहा. कित्येक “मेलेल्या” सेटांमध्ये दोष एवढाच निघतो.

आयआरएफ५१० मेला की जिवंत, हे कसं ओळखू? आणि नवा बसवल्यावर बायस (गेटला द्यायचा ठरावीक व्होल्टेज) कसा लावू?

बोर्डातून काढून मीटर डायोड रेंजवर ठेवा. छापील बाजू समोर धरली की डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. गेटपासून सोर्सला आणि गेटपासून ड्रेनला कुठल्याही दिशेने रीडिंग येता कामा नये. ड्रेन-सोर्समध्ये एका दिशेने अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि दुसऱ्या दिशेने काही नाही. मोजण्याआधी तिन्ही पाय एकदा एकमेकांना टेकवा, नाहीतर गेटवर राहिलेल्या चार्जमुळे चांगला पार्टही शॉर्ट वाटतो. बोर्डात असताना मोजाल तर बायसचा प्रीसेट आणि चोक मध्ये येतात आणि रीडिंग फसवतं.

नवा बसवल्यावर प्रीसेट आधी बायस सगळ्यात कमी होईल त्या टोकाला न्या. पीएच्या प्लसच्या तारेत मीटर अँपिअर रेंजवर लावा, डमी लोड लावा, माइकसमोर शांतता ठेवा आणि पीटीटी दाबा. आता प्रीसेट अगदी सावकाश फिरवा. गेटवर २ ते ४ व्होल्टच्या दरम्यान कुठेतरी करंट एकदम वाढू लागतो. १०० मिलिअँपिअरला थांबा. “हॅलो” म्हटल्यावर एकूण करंट एक-सव्वा अँपिअरपर्यंत उसळला तर पीए काम करतो आहे.

आयआरएफ५१० मिळत नाही म्हणून दुकानदार आयआरएफ५४० पुढे करतो. तो इथे चालत नाही. ५१०ची गेटची कपॅसिटन्स सुमारे १८० पिकोफॅरड आहे, ५४०ची १७००च्या घरात. ७ मेगाहर्ट्झवर बिचारा ड्रायव्हर ती ओढू शकत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे पार्ट शोधावेत, आणि एकाऐवजी दोन-तीन घ्यावेत.

२एन३९०४ ऐवजी बीसी५४७ लावला तर?

विजेच्या दृष्टीने बहुतेक जागी चालतो, पण पाय उलटे आहेत. सपाट बाजू समोर, पाय खाली: २एन३९०४ला डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर, तर बीसी५४७ला कलेक्टर, बेस, एमिटर. म्हणजे फिरवून लावा. उलटा लागला तर काही जळत नाही, फक्त गेन जवळजवळ नाहीसा होतो, आणि असा दोष शोधायला फार वेळ जातो, कारण बेस-एमिटरचे व्होल्टही बरेचसे बरोबर दिसतात. असाच घोळ रेग्युलेटरमध्ये आहे: ७८०५ला समोरून इनपुट, ग्राउंड, आउटपुट, आणि लहान ७८एल०५ला आउटपुट, ग्राउंड, इनपुट.

स्पीकरमधून काहीच आवाज नाही, खरखरही नाही.

एलएम३८६ची पाचवी पिन मोजा. तिथे सप्लायच्या साधारण निम्मे, म्हणजे ६ व्होल्टच्या आसपास हवेत. शून्य किंवा पूर्ण १२ असतील आणि सहाव्या पिनवर सप्लाय ठीक असेल, तर आधी स्पीकरची तार काढून पुन्हा मोजा, मगच आयसीला दोष द्या. स्टिरिओ जॅकमध्ये मोनो पिन घातली तर जॅकची एक बाजू ग्राउंडला शॉर्ट होते.

पाचवी पिन बरोबर असेल तर व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायाला स्क्रूड्रायव्हर टेकवा. गुणगुण आली तर ऑडिओ चांगला, दोष मागे आहे. पॉटच्या तिन्ही तारांचा क्रम चुकला तर आवाज कायम पूर्ण राहू शकतो किंवा उलट्या दिशेने वाढू शकतो. त्यात जळत काही नाही. एलएम३८६ घेताना शेवटचा आकडा वाचा: एन-१ आणि एन-३ हे १२ व्होल्टपर्यंतचेच आहेत, एन-४ हा १८ पर्यंत चालतो. गाडीच्या बॅटरीवर, चार्जिंग चालू असताना, १४ व्होल्ट सहज होतात.

ऑसिलोस्कोप नाही. व्हीएफओ चालतो की नाही, कसं कळणार?

घरातला शॉर्टवेव्हचा रेडिओ आणा. बीटेक्स४०मध्ये १२ मेगाहर्ट्झमधून ट्यून केलेली फ्रीक्वेन्सी वजा केली की व्हीएफओ मिळतो. डिस्प्लेवर ७.१०० असेल तर ४.९ मेगाहर्ट्झच्या आसपास. रेडिओची एरिअल बोर्डाजवळ ठेवून ६० मीटर बँडवर तिथे फिरवा. एका जागी खरखर एकदम दबते, आणि रिगचं बटण फिरवलं की ती जागा सरकते. तोच व्हीएफओ. बीएफओ असाच १२ मेगाहर्ट्झला, २५ मीटर बँडवर सापडतो, तो मात्र जागचा हलत नाही. मायक्रोबीटेक्स असेल तर पहिला ऑसिलेटर ४५ मेगाहर्ट्झच्या वर असतो, म्हणजे ७.१साठी ५२च्या आसपास. तो टीव्हीच्या यूएसबी डोंगलवरही दिसतो.

सेट चालू करताच ट्रान्समिटमध्ये जातो.

पीटीटीची तार कुठेतरी ग्राउंडला टेकली आहे. मायक्रोफोनची पिन काढा. थांबला तर दोष माइकच्या वायरीत किंवा पिनेत, नाही थांबला तर सॉकेटमागे. मोबाइलच्या हेडसेटची पिन वापरली असेल तर तिच्या कड्यांचा क्रम वेगळा असतो. शोध संपेपर्यंत डमी लोड लावूनच ठेवा.

रिले तुम्ही स्वतः बसवला असेल आणि त्याला चालवणारा ट्रान्झिस्टर लगेच गेला, तर रिलेच्या कॉइलवरचा डायोड उलटा आहे का बघा. पट्टीची बाजू प्लसकडे हवी.

डमी लोड विकत घ्यायलाच हवा का?

नाही. १ किलोओहम १ वॉटचे वीस रेझिस्टर समांतर जोडा: ५० ओहम, २० वॉट. कार्बन किंवा मेटल फिल्म घ्या. तार गुंडाळलेले नकोत, ते कॉइलसारखे वागतात. त्यावर डायोड आणि कपॅसिटरने शिखराचे व्होल्ट मोजले की पॉवर कळते: व्होल्टचा वर्ग भागिले १००. साडेसव्वीस व्होल्ट म्हणजे ७ वॉट.

लायसन्स अजून आलेलं नाही. टेस्टिंग करू का?

अँटेनावर ट्रान्समिट करू नका, एक सेकंदही नाही. आपल्याकडे लायसन्स दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते. तोवर पीएचा कनेक्टर काढून ठेवा, रिसीव्हर पूर्ण करा, आणि ट्रान्समिटची चाचणी लायसन्स असलेल्या हॅमच्या टेबलावर, त्याच्या देखरेखीखाली घ्या. बहुतेक जण आनंदाने वेळ देतात.

सगळं दुरुस्त झालं. अँटेना लावण्याआधी आणखी काही?

डमी लोडवर दहा मिनिटं थांबून थांबून बोला आणि हीटसिंकला हात लावा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. मग दुसऱ्या रिसीव्हरवर स्वतःचा आवाज हेडफोन लावून ऐका. न बोलता शिट्टी ऐकू आली तर कॅरिअर (आवाज नसलेली मूळ लहर) गळतो आहे. मॉड्युलेटरच्या दोनपैकी एक डायोड चुकीच्या जोडणीत दुबळा झालेला असू शकतो, तेव्हा दोन्ही बदला, आणि मीटरच्या डायोड रेंजवर अगदी सारखे निघालेले दोन निवडून लावा. बोलताना घोगरेपणा किंवा किंकाळी आली तर दुरुस्तीत लांबलेल्या तारा आखूड करा, आणि अँटेना व व्हीएफओच्या जोडण्या आरजी-१७४ कोॲक्सने करा. हे जमलं की एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते याचं माप) पाहून अँटेना जोडा. सकाळी ४० मीटरवर देशभरातले हॅम बोलत असतात, त्यांच्याकडून रिपोर्ट मागा आणि सेट नुकताच दुरुस्त केला आहे हेही सांगा, म्हणजे ते आवाजाबरोबर फ्रीक्वेन्सी सरकते का तेही लक्ष देऊन ऐकतील.